सौनाच्या फळीवरची दुर्बीण

मित्रांनो, माझ्यातून पाहायचे तर एक डोळा मिटावा लागतो. मी एक जुनी, एकनळी दुर्बीण आहे. पितळेची नळी, तिच्यावर तपकिरी चामडे आणि पुढे वाटीच्या तोंडाएवढी काच. सत्तर वर्षांपूर्वी एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या एका बाईने माझ्या पुढच्या दोन काचा एकीवर एक बसवल्या. तिचे नाव मला कधी कळले नाही. तिची बोटे मात्र अजून आठवतात, कारण तिने केलेले एक बारीकसे काम पुढे फार महत्त्वाचे ठरले.

अमेरिकेतल्या मिशिगनच्या उत्तरेला, ऑटर तळ्याकाठी राहणाऱ्या ओनी लाह्ती या खाणकामगाराने मला विकत घेतले, ते हरणांच्या शिकारीसाठी. पण शिकारीचे दिवस वर्षातून दोनच आठवडे. बाकीचे पन्नास आठवडे मी त्याच्या बायकोची, सायमाची. ती माझ्यातून लून पाही. लून म्हणजे बदकाहून मोठा, काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला पाणपक्षी. सव्वीस वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या लोकांनी तळ्यावरच्या एका मादीच्या डाव्या पायात दोन कडी घातली. वर पिवळे, खाली हिरवे. तिला घोंगडीत गुंडाळून धरले होते ओनीने, आणि तिने त्याच्या अंगठ्याचे रक्त काढले होते. तेव्हापासून दर वसंतात तो मला डोळ्याला लावून ओरडे, "सायमा, तुझी सवत आली गं!"

"मग तिलाच सांग कॉफी करायला," सायमा आतूनच म्हणे.

चार वर्षांपूर्वी ओनी गेला. सायमाने मला सौनाच्या, म्हणजे वाफेने अंघोळ करायच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत, त्याच्या टोपीशेजारच्या फळीवर ठेवले. शनिवारी सौना न तापवणारे घर त्या गावात नाही. आतले दार उघडले की वाफ बाहेर येई आणि माझ्यात शिरे. सायमाला वाटे, आपण दुर्बीण जपून ठेवली आहे. मी मात्र आतून कुजत होते. काचांवर बुरशीची जाळी धरली. मुलाने तिला नवी दुर्बीण पाठवली होती. तिच्यातून पक्षी दिसत, पण इतक्या लांबून कडी दिसत नसत.

या उन्हाळ्यात लून मोजणाऱ्या मंडळींचे पत्र आले. त्या मादीची कडी तीन वर्षांत कुणी पाहिली नाहीत. जुलैच्या मोजणीत दिसली नाहीत, तर तिचे नाव वहीतून काढतील. सायमाने मला फळीवरून उतरवले, डोळा लावला आणि तिला नुसते दूध दिसले. ती तशीच मला घेऊन ओनीच्या धाकट्या भावाकडे गेली. वायनो खाणीत यंत्रे दुरुस्त करीत असे.

"सौनात ठेवलीस?" तो म्हणाला. "अगं, त्यापेक्षा सूपमध्ये उकळायचीस!"

"बडबड पुरे. मोजणीला आठ दिवस राहिलेत."

वायनोने माझ्या काचेभोवतीच्या घट्ट बसलेल्या कड्यावर तेलाचा थेंब सोडला, दुसऱ्या दिवशी मोरीचे रबरी बूच त्यावर दाबून ते अलगद फिरवले. मी मोकळी झाले. वाळलेले ग्रीस त्याने काडीने खरवडले, बुरशी औषधाने धुतली. एक डाग सोडला तर काचा पाण्यासारख्या लख्ख झाल्या. मला पुन्हा जोडून त्याने तळ्यापलीकडच्या नावेच्या पाटीवर रोखले. अक्षरे धूसर! काचा उलटसुलट करून झाल्या, तरी धूसरच. मोजणीला दोन दिवस उरले होते.

सायमा घरी भाजलेली पाई घेऊन आली. "आधी खा. आता सांग, आतून काय काय काढलंस?"

"काही नाही. तेल, बुरशी, कचरा. दोन काचांच्या मध्ये कडेला चांदीसारखे तीन कण होते, ते फुंकरीनं उडवले."

"तीन? कुठे कुठे होते?"

"एक इथे, एक इथे, एक..." त्याचे बोट हवेतच थांबले. तिन्ही जागा सारख्या अंतरावर होत्या.

"कचरा असा मोजूनमापून बसतो होय रे?" सायमा म्हणाली. "चाळीस वर्षं यंत्रं जोडलीस ना तू?"

कारखान्यातल्या त्या बाईने दोन काचांमध्ये केसभर फट राहावी म्हणून वर्खाचे तीन तुकडे ठेवले होते. पण ते मी वायनोला कसे सांगणार? वायनोने चॉकलेटच्या वेष्टनातल्या चांदीचे तुकडे कापले. पातळ पडले. मग सायमाने कॉफीच्या पुड्याची चांदी आणली. या वेळी पाटीवरचे अक्षर न् अक्षर उमटले.

शनिवारी सकाळी आठ ते नऊ मोजणी. लून आली, पण पाय पाण्यात. पंचावन्न मिनिटे ती नुसती तरंगत राहिली. सायमाने कॉफीला हात लावला नाही. अखेर लून कुशीवर कलली आणि तिने डावा पाय वर काढून झटकला.

सायमा माझ्यापासून बाजूला झाली. "तू बघ. मी काही बोलणार नाही. वहीत दोघांनी पाहिलेलंच चालतं."

वायनो वाकला. लूनने पुन्हा पाय झटकला. "वर पिवळं, पार फिकटलेलं. खाली हिरवं."

सायमाने ते वहीत लिहिले. मग तळ्याकडे पाहत ती हळूच म्हणाली, "ओनी, तुझी ती आली रे."

मित्रांनो, आता मी स्वयंपाकघरात, पावाच्या डब्याशेजारी कोरड्या जागी असते. माझ्या काचेवर बुरशीचा एक डाग कायमचा राहिला आहे. त्याची माझी तक्रार नाही. माझे मागणे एवढेच की आवडती वस्तू नुसती जपून ठेवू नका, अधूनमधून तिला डोळ्याला लावा. आणि जुन्या वस्तूतून काही फुंकून टाकण्याआधी जरा थांबा. ते तिथे कुणीतरी मुद्दाम ठेवलेले असू शकते.