दानची जागा

चर्चच्या पाळकांनी लग्न केलं नव्हतं. थोरली बहीण, ताई, हेच त्यांचं घर. ताई शिवणकाम करायची. त्या वर्षी तिने वेदीमागच्या पडद्यावर याकोबाच्या बारा मुलांपासून झालेले इस्राएलचे बारा वंश, एकेकाच्या खुणेसकट, भरायला घेतले. पाळक अर्थ सांगत, ती टाके घाली. यहूदाचा सिंह म्हणजे ख्रिस्त. नफतालीची मोकळी हरिणी म्हणजे डोंगरोडोंगरी धावणारी सुवार्ता. दोन ओझ्यांमध्ये बसलेलं इस्साखारचं गाढव म्हणजे दुसऱ्याचा भार मुकाट वाहणारा भक्त.

"म्हणजे मीच," असं म्हणून ताईने गाढवाचे कान जरा लांबच भरले.

दान नावाच्या मुलापाशी मात्र गाडं अडलं.

"त्याला गाळ," पाळक म्हणाले. "त्याची खूण साप. पवित्र शास्त्राच्या शेवटी वंशांची नावं येतात, त्यात तो नाहीच. ख्रिस्ताचा वैरी त्याच्या वंशातून येणार, असं जुने पंडित सांगत. त्याच्या जागी याकोबाचा नातू मनश्शे घाल."

ताईने सुई कापडात खोचून ठेवली. "आईबापाच्या पोरांतून एकाला गाळायचं? आपल्या घरात एक गाळून झालाय, तेवढं पुरे."

त्यांचा धाकटा भाऊ वडिलांच्या दफनाला उशिरा पोचला होता. पाळकांनी त्याला चारचौघांत खडसावलं, आणि तेव्हापासून त्याने या घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

दुपारी त्यांनी शास्त्र उघडलं. म्हातारा याकोब मरताना एकेका मुलाबद्दल बोलत होता. दानला साप म्हणून झालं आणि म्हातारा मध्येच थांबला, देवाला म्हणाला, तू सोडवशील म्हणून मी वाट पाहतोय. बाकी कुणापाशी तो असा थांबला नव्हता. हे पाळकांनी आजवर कितीदा तरी वाचलं होतं. आज त्यांना त्यात बापाचा गहिवर ऐकू आला.

चष्मा पुसून ते तसेच धाकट्याच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेले. तो चाकाच्या तारा ताणत होता.

"रविवारी माझ्यावर प्रवचन आहे का, दादा?" त्याने मान वर न करताच विचारलं.

"नाही, दानवर आहे. त्या दिवशी मी तुला सगळ्यांदेखत बोललो, ते चुकलं माझं."

धाकट्याने चाक एकदा फिरवून पाहिलं. "हा दान कोण?"

"साप."

"मग माझ्यावरच की," म्हणत तो हसला. त्याने तेलकट हातांनीच पाळकांकडे स्टूल सरकवलं.

रविवारी तो शिडी घेऊन आला, कारण पडद्याचा दांडा पाळकांना सरळ लावता येणार नाही, याची त्याला खात्री होती. पडदा वर चढला. ताईचा साप हिरव्या रेशमाचा होता, आणि सगळ्या बारांत देखणा तोच उतरला होता.

प्रवचन सुरू झालं. शेवटच्या बाकावर धाकट्याला डुलकी लागली. पाळकांनी आवाज चढवायला तोंड उघडलं, तेवढ्यात ताईने बोट ओठांवर ठेवलं. मग उरलेलं प्रवचन त्यांनी हळू आवाजातच संपवलं.