सिनिवाची माणसं

रोपातीने बंदरावरच्या फेरीबोटींच्या जुन्या इमारतीसमोर गाडी थांबवली आणि इंजिन चालूच ठेवलं. तेवढ्यावरूनच सिनिवाने ओळखलं, की हा काही पुढे येणार नाही.

"मावशी, इथून सरळ वर जा. चढ संपला की उजवीकडे, मग कुणालाही विचार," तो म्हणाला. "फेरेतीच्या दारात माझी गाडी दिसली तर रविवारी चर्चमध्ये मला तोंड लपवायला जागा उरणार नाही."

"आणि मी एकटी दिसले तर?"

"तू काय, बेटावरची पाहुणी. तुला इथल्या रस्त्यात कोण ओळखतंय!"

गाडी गेली. सिनिवाने चटईची गुंडाळी काखेत मारली, ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून नारिंगी छत्री उघडली आणि भाच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत चालू लागली. त्या पिढ्या आपल्याही आहेत हे ध्यानात आल्यावर तिने तोंड मिटलं.

भानगड अशी होती. तिचा मुलगा पेलेनातो इथे ऑकलंडात मासळीच्या शीतगृहात कामाला होता. ईस्टरच्या सुट्टीत सामोअन मंडळींचे किलिकितीचे सामने झाले. आपल्याकडच्या क्रिकेटची ही दांडगी बहीण, बॅट गदेसारखी आणि प्रेक्षक मैदानातच. पेलेनातोचा जिवलग दोस्त, त्यांच्याच गावच्या फेरेतीचा मुलगा सेमिसी पंच होता. त्याने पेलेनातोला धावबाद दिलं आणि पेलेनातोने त्याचा जबडा मोडला. कोर्टाने द्यायची ती शिक्षा दिली, पण कोर्टाच्या शिक्षेने दोन घरांमधलं मिटत नाही. पेलेनातोने काम सोडलं आणि रोपातीच्या घरी तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जेवायला हाक मारली तरी उठेना. सामोआच्या सावाई बेटावर ही खबर पोहोचली तेव्हा सिनिवाने पेटीतून आजीच्या हातची मऊ चटई काढली आणि विमान धरलं. आता इफोगाच करायला हवा होता.

म्हणजे चटई डोक्यावर घेऊन दुखावलेल्यांच्या दारात बसायचं. घरातला कर्ता माणूस येऊन ती उचलत नाही तोवर उठायचं नाही. पण हे एकट्याने करायचं काम नव्हे. सगळं कुळ मागे बसायला लागतं, त्याशिवाय मान झुकली असं कुणी म्हणत नाही. सिनिवाचं कुळ ऑकलंडात दोन बसगाड्या भरतील एवढं. पण एकाची कामाची पाळी होती, दुसऱ्याचा गुडघा होता आणि तिसरा म्हणाला, "आत्या, कोर्ट झालं ना आता!" एकटी म्हातारी हिरवळीवर बसलेली दिसली तर लोक चक्कर आली समजून रुग्णवाहिका बोलावतील, ही तिची खरी धास्ती होती.

क्वीन स्ट्रीटच्या पहिल्याच सिग्नलला ती थांबली आणि मागे काहीतरी थबकल्यासारखं वाटलं म्हणून वळली. पंचवीस-तीस माणसं तिच्याकडे बघत उभी होती. गोरी, सावळी, पिवळसर, म्हातारी, तरणी, पाठीवर पिशव्या. सगळी हसली. सिनिवाही हसली, हसणाऱ्याकडे बघून कोण हसत नाही? ती चालू लागली तशी ती माणसंही चालू लागली.

फेरी इमारतीसमोरून रोज सकाळी एक तरुण पाहुण्यांना फुकटात पायी शहर दाखवायला निघतो आणि नारिंगी छत्री हीच त्याची खूण असते. त्या दिवशी तो झोपून राहिला होता. हे सिनिवाला कुठून ठाऊक असणार?

चढावर तिला धाप लागली. ती एका दुकानाच्या पायरीवर टेकली आणि छत्री मिटून तिने तिच्या टोकाने समोरच्या फलकावरचा चिखल उगीच खरवडला. ताबडतोब सगळ्यांनी त्या फलकाचे फोटो काढले. तो वाहनतळाच्या दरांचा फलक होता. डोरोटेआ नावाची एक जर्मन बाई तिला काहीतरी लांबलचक विचारू लागली. सिनिवाचं इंग्रजी दुकानापुरतं. ती सामोअनमध्ये म्हणाली, "बाई गं, घरी जा. तुमच्या आयांना काळजी लागली असेल." डोरोटेआने मान डोलावली आणि बाकीच्यांना वळून गंभीरपणे काहीतरी समजावलं. सगळ्यांनी "ओऽ" केलं.

पुढे सिनिवाने भाजीवाल्याकडे अळूचे कंद दाबून पाहिले, मागच्यांनीही एकेक दाबला. भाजीवाला चिनी होता. तो खवळून ओरडला, "घ्यायचं नाही तर हात कशाला लावता!" मग ती सार्वजनिक स्वच्छतागृहात शिरली तर बाहेर शिस्तीत रांग लागली. "हे दौऱ्यात धरतात का?" असं ऑस्ट्रेलियातून आलेल्या केव्हिनने बायकोला विचारलं. "फुकट आहे म्हणून बोलत नाही, पण समुद्र कधी दाखवणार?" बायको म्हणाली, "गप्प बस. ही खरी इथली आहे. इतर गाइड नुसती पाठ केलेली बडबड करतात."

फेरेतीचं लाकडी घर ग्रे लिनमध्ये होतं. आजूबाजूची सगळी घरं शिकल्यासवरल्या लोकांनी रंगवून महाग करून टाकली होती, हे एक तेवढं मूळच्या मालकाकडे उरलं होतं. सिनिवा फाटकाशी पोहोचली. तिने शेवटचा प्रयत्न म्हणून मागच्यांना हातांनी हाकललं, कोंबड्या हाकलतात तसं. त्यांना वाटलं, पांगून बसा म्हणतेय.

ती हिरवळीवर बसली आणि चटई डोक्यावरून ओढून घेतली. आत काळोख होता आणि आजीच्या घरचा वास होता. मागे खसफस झाली. कोरियन नवराबायकोने नकाशा डोक्यावर धरला, डोरोटेआने रेनकोट, केव्हिनने बायकोची शाल. "आता हे काय?" तो पुटपुटला. मग चटईखालून रडण्याचा आवाज आला, आणि केव्हिननेही शाल नीट ओढून घेतली.

खिडकीतून फेरेतीची बायको लुपे किंचाळली, "अहो! सिनिवा आलीय! अख्खं जग घेऊन आलीय!"

"बसू दे," फेरेती आतून म्हणाला.

बसले. पाऊस आला, भुरभुर. कुणी उठलं नाही. शेजारी कुंपणावरून बघायला लागले. तेवढ्यात फाटकातून एक घामाघूम तरुण धावत आला. त्याच्या हातात नारिंगी छत्री होती.

"ही माझी माणसं आहेत!" तो इंग्रजीत ओरडला. "चुकीच्या छत्रीमागे आलात तुम्ही सगळे! उठा, उठा!"

कुणी उठेना तेव्हा त्याने केव्हिनची शाल ओढली. "सोड रे," केव्हिन म्हणाला. "बाई रडतेय, दिसत नाही?"

फेरेती दारात आला. धिप्पाड, पांढऱ्या केसांचा माणूस. त्याने सगळं ऐकलं होतं. तो चटईसमोर उभा राहिला.

"सिनिवा, खरं सांग. ही तुझी माणसं आहेत का?"

 हो म्हटलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण माफी मागायला येऊन खोटं कसं बोलायचं?

"नाहीत, मालक," ती म्हणाली. "माझी माणसं आली नाहीत. सगळ्यांनी कारणं सांगितली. ही का मागे लागली, देवाला ठाऊक. मी एकटीच आलेय. पोरगा माझा चुकला. तो जेवत नाही, बोलत नाही. मला तो मरायला नकोय."

 फेरेती केव्हिनकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, "आता कळलं ना चूक झाली ते? मग अजून का बसलात?"

केव्हिनने बायकोकडे पाहिलं, मग चटईकडे. "ती अजून बसलीय ना," तो म्हणाला.

फेरेतीचा चेहरा आक्रसला. दीड महिना त्याने राग सांभाळला होता आणि तो सोपा नव्हता. मुलाला नळीने सूप पाजताना त्याने शपथा घेतल्या होत्या. तो वाकला. हात चटईपर्यंत गेले आणि थांबले, आणि मग त्याने ती उचलली. सिनिवाने डोळे मिचकावत वर पाहिलं.

"रक्ताचे आले नाहीत आणि हे बसले," तो खरखरीत आवाजात म्हणाला. "लाज वाटते मला तुझ्या कुळाची. ऊठ, बाई."

लुपेने कपाळाला हात लावला. "एवढ्यांना जेवायला काय घालू मी?" पण चटई उचलली की घरात घेऊन खाऊ घालावंच लागतं. शेजाऱ्यांची पातेली आली. चॉप सुई शिजली, अळूचे कंद, नारळाच्या दुधातली अळूची पानं. गाइडही कोपऱ्यात ताट घेऊन बसला. सिनिवाने मात्र घास उचलला नाही. तिने रोपातीला फोन लावला आणि म्हणाली, "त्याला दे."

"आई?" पेलेनातोचा आवाज आला. "काय म्हणाले ते?"

 सिनिवाच्या हातातून कुणीतरी फोन घेतला. सेमिसी होता, जबडा तारांनी बांधलेला, आईच्या पातेल्यांकडे कधीचा नुसता बघत बसलेला.

"पेले," तो दातांच्या फटीतून म्हणाला.  "मला अजून दोन आठवडे चावता येणार नाही. माझ्या वाटचं वाढलंय, ते कुणीतरी खायला हवं. ये."