देशी खोकला

शिंप्याने दुकानातली दोन्ही शिलाई यंत्रं भिंतीला लावली, कापायच्या टेबलावर पांढरं कापड अंथरलं आणि आपल्या लोकांचं स्वतःचं चर्च उघडलं. मिशनच्या चर्चमध्ये गोऱ्या पाद्रीसाहेबाने त्याच्या म्हाताऱ्या आईला अकरा वर्षं बाहेर पायरीवर बसवलं होतं. तिच्या खोकल्याने म्हणे प्रवचनाचा विचका होई. शेवटी शिंप्याचं डोकं फिरलं. साहेब हसून म्हणाला, "महिनाभरात परत याल." त्यामुळे आजची पहिली प्रार्थना पार पडायलाच हवी होती, नाहीतर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

एकोणीस माणसं आली. शिंपी म्हणाला, "चला, प्रार्थना करू या." कुणी जागचं हललं नाही.

"आधी खोका," पोस्टमन म्हणाला.

"मला खोकला झालेला नाही."

"साहेबाला तरी कुठे झाला होता? तो दोनदा खोकायचा, मग आपण उभे राहायचो. त्याशिवाय देवाला कळणार कसं?"

शिंपी बिचारा खोकला. लोहाराने नाक मुरडलं. "हा तर हुबेहूब साहेबाचा. मग वेगळं चर्च काढलं कशाला? खोकला आपला हवा!"

हे सगळ्यांना पटलं. मग काय विचारता! लोहार पोटातून खोकला, पोस्टमनने तीन प्रकार करून दाखवले, आणि मास्तरीणबाईंनी "उर्मट वाटतो" म्हणत एकेक बाद केला. खोकल्यासाठी समिती नेमायचं ठरलं आणि समितीत कोण, यावरून हमरीतुमरी सुरू झाली. तेवढ्यात पलीकडे मिशनची घंटा वाजली. दोघं मुकाट्याने आपल्या चपला शोधू लागले.

तोच बाहेरून खोकला ऐकू आला. लांबलचक, खरखरीत, मध्येच धाप लागून थांबणारा आणि पुन्हा सुरू होणारा. सगळे ताडकन उभे राहिले, चपला शोधणारेसुद्धा.

"हा आपला!" लोहार ओरडला.

शिंपी दाराकडे धावला. दुकानाच्या पायरीवर आई बसली होती. तिला आत बोलवायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. जो तिच्यासाठी साहेबाशी भांडला, त्याच्याही नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, आत चल."

"येते रे," ती तोंडावर हात दाबत म्हणाली. "एवढा खोकला संपू दे."

"संपायच्या आत चल," शिंप्याने तिचा हात धरला. "सगळे खोळंबलेत."