चौघांनी धरलेला गोटीराम

जासईच्या गोटीरामनं रूट कॅनल केली तेव्हा अख्खी भावकी त्याला बघायला आली. आमच्याकडे कुणाच्या अंगाला डॉक्टरचा हात लागला की शहाळी नि बिस्किटांचे पुडे घेऊन जायचंच, मग दाढ असो की हृदय. ओटीवर माणूस मावेना. एवढ्या लोकांना ‘काही दुखलं नाही’ म्हणून माघारी कसं धाडायचं? गोटीरामनं सांगितलं की बंदरात खांब ठोकायला आणतात तसलं यंत्र तोंडात उतरवलं, चौघांनी हातपाय धरले, आणि मुळातली नस ओढली तेव्हा डाव्या पायाचा अंगठा आपोआप वर उचलला गेला. बायकांनी तोंडाला पदर लावले. गोटीराम आठवडाभर मटणाचा रस्सा प्यायला.

त्याची बायको गोजरा हे सगळं दाराआडून ऐकत होती.

वर्षभरात तिचीच दाढ उठली. आधी तिनं मशेरी दाबली, मग लवंग. मग गाल सुजून डोळ्याला टेकला, ताप भरला, पेजसुद्धा गिळवेना. मुलगा तेजस गाडी काढून उभा, आणि ही खाट सोडायला तयार नाही.

“तुमी मर्द मानूस, तुमाला चौघांनी धरला,” ती नवऱ्याला म्हणाली. “मी मेले तरी तिथं नाय जानार.”

गोटीरामनं हळूच सांगून पाहिलं, की तेवढं काही नसतं. ती म्हणाली, मला न्यायला आता खोटं बोलू नका. जन्मभर जो खोटं बोलला तो तिला खरा वाटला, आणि हे पहिलं खरं मात्र खोटं.

शेवटी ‘नुसतं दाखवायचं, हात लावू द्यायचा नाही’ असं कबूल करून तेजसनं दोघांना करंजाडेला, गोटीरामची दाढ केली त्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टर ईश्वरी साधारण तेजसच्याच वयाची. एक्स-रे बघून म्हणाली, मुळाशी पू झालाय, आणखी थांबलात तर इस्पितळात भरती व्हावं लागेल. गोजरानं इकडेतिकडे बघत विचारलं, ते चौघं कुठं आहेत? डॉक्टरला कळेना. तेव्हा तेजसनं सगळी हकिकत सांगितली, यंत्रासकट, अंगठ्यासकट. गोटीराम तोवर भिंतीवरचं दातांचं चित्र फार मन लावून वाचत होता.

“काका?” ईश्वरी म्हणाली. “काका तर झोपले होते. घोरत होते. तोंड मिटायला लागले म्हणून मीच उठवलं.”

तेजस हसला. गोजरा हसली नाही. सुजलेल्या डोळ्यानं ती नवऱ्याकडे बघत राहिली. गोटीरामला मान वर करवेना.

“तुमच्यापायी उपाशी रायले मी,” एवढंच बोलून ती खुर्चीवर जाऊन बसली.

इंजेक्शनची सुई टोचली, तेवढी कळली. मग ओठ बधिर झाला. औषध घशात उतरू नये म्हणून दाढेभोवती रबराचा पडदा ताणला. आत केसासारख्या बारीक सुया फिरल्या. मूळ कुठं संपतं ते एक छोटं यंत्र टुकटुक करून सांगत होतं. घाण निघाली, औषध भरलं, वरून तात्पुरतं सिमेंट. सूज उतरली की पुन्हा यायचं, सगळं भरून झालं की कॅप. दोन-तीन दिवस ठणकेल, गोळ्या घ्या, त्या बाजूनं चावू नका, असं ईश्वरीनं समजावलं. गोजरानं हूं की चूं केलं नाही. स्टुलावर बसलेल्या गोटीरामलाच घाम फुटला होता. त्यानं तिच्या पावलावर हात ठेवला. तिनं पाय आखडून घेतला.

घरी उतरल्यावर ती बधिर ओठानं म्हणाली, “जाऊबाई पन पावसाल्यापासून एकाच गालानं जेवतान. तुमचा ऐकून. जा, सांगा त्यांना.”

जाऊबाई म्हणजे गोटीरामच्या थोरल्या भावाची बायको, जयमाला, घर शेजारीच. गोटीराम तिच्या उंबऱ्याशी उभा राहिला. ना यंत्र होतं, ना चौघं, काही दुखलंही नाही, हे सांगताना तो शब्दाशब्दाला ठेचकाळला. झोपेचं मात्र गिळून टाकलं.

जयमालानं गाल चोळला. “यो खरा हाय, भावजी, का गोजरानं पाठवलंय म्हनून बोलताव?”

गोटीरामनं रस्त्याकडे बघून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, “घोरत व्हतो, वहिनी.”

ज्यात आपण लहान ठरतो अशी गोष्ट गोटीरामनं आजवर सांगितली नव्हती. जयमालाला पटलं. तिनं आत तोंड करून सुनेला हाक मारली, “बाहेर ये गो, भावजी काय सांगतान ते आयक.”

सून आली, तिच्यामागून शेजारची एक आली. गोटीरामनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.