खाऱ्या पाण्याचा पट्टा

मित्रांनो, खारघरच्या एका कॉलेजातल्या कपाटात जो निळा पट्टा लोंबतो ना, तो मी. मी एक जुना, सैल पडलेला डोक्याचा पट्टा आहे. माझ्या आतले दोन स्पंज मिठाच्या पाण्यात भिजवायचे, कपाळावर बसवायचे आणि अगदी सौम्य वीज सोडायची. त्यानं बुद्धिबळ खेळणाऱ्यांचं लक्ष आणि संयम वाढतो का, हे सुनयना मॅडम तपासत होत्या. काहींना खरी वीज मिळे, काहींना नुसती सुरुवातीची चुणचुण. हे सगळ्यांना आधीच सांगितलं होतं. कोणाच्या वाट्याला काय, हे मात्र मॅडमनाही ठाऊक नव्हतं. मला कळायचं, पण मला तोंड कुठे आहे?

दिवाळे गावच्या कोळीवाड्यातली नमिता माझी लाडकी. पोरगी हुशार, पण हात भलता उतावळा! डोकं विचार करतंय तोवर बोटं सोंगटीवर. बुद्धिबळात ज्या सोंगटीला हात लागला तीच चालावी लागते. त्यापायी हाती आलेले डाव ती घालवून बसायची. पुढे ती जरा शांत झाली आणि सगळ्यांना सांगू लागली, "ही पट्ट्याची कमाल!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिच्या कपाळावर मी चुणचुण देऊन गप्प बसत होतो.

कॉलेजच्या संघात एकच जागा उरली होती. निवडीच्या डावात पट्टा चालणार नाही म्हटल्यावर नमिताचं तोंड उतरलं. डावाच्या दिवशी ती म्हणाली,

"मॅडम, पट्टा नाय तर माझं काय खरं नाय. मी नाव काढून घेते."

तेवढ्यात तिची आई विमलबाई मासळी विकून थेट तिथेच आली. हातात ओला रुमाल.

"अगो, मिठाचं पानीच लागतं ना डोक्याला? ह्यो खाडीच्या पान्यात भिजवून आनलाय. बांध!"

नमिता आधी लाजली, मग खो खो हसली. रुमाल तिनं बांधला नाही, उजव्या मुठीत धरला आणि खेळायला बसली. सोंगटी उचलायची तर आधी रुमाल ठेवावा लागे. तेवढ्यात डोकं हाताला गाठायचं. एकदा समोरचा वजीर फुकट मिळतोसा दिसला. तिनं रुमाल ठेवला, घोड्याकडे हात नेला, थांबली आणि रुमाल पुन्हा उचलला. तो सापळा होता. डाव तिनं जिंकला. कोपऱ्यातल्या टेबलावरून मी सगळं पाहिलं.

प्रयोग संपल्यावर कोणाला खरी वीज आणि कोणाला नुसती चुणचुण, याची यादी मॅडमनी उघडली. नमिताच्या नावापुढे नुसती चुणचुण होती.

"म्हणजे ह्यानं काहीच केलं नाय?" नमितानं विचारलं.

"तुझ्या बाबतीत तरी नाही," मॅडम म्हणाल्या.

तिनं मला उचललं. आता भिरकावणार, असं मला वाटलं. पण ती नळाशी गेली, माझे स्पंज गोड्या पाण्यात पिळून काढले आणि आईच्या रुमालावर वाळत घातले. "मीठ राहिलं तर गंजेल बिचारा," म्हणाली.

तिच्यानंतर कोणी एवढं केलं नाही. माझ्या तारा हिरव्या पडल्या. मित्रांनो, हौसेनं मला घरी नेऊन डोक्याला बांधू नका, ते जाणत्यांचं काम. पण काम संपलं की आमचं मीठ तेवढं धुऊन टाका. जिला मी काहीच दिलं नाही, तिनं ते केलं होतं.