हातोहाती दिलेले फावडे

मी एक जुने फावडे आहे. अलाय डोंगरातल्या एका किरगिझ गावात एका लोहाराने मोडक्या ट्रकच्या पत्र्यातून मला घडवले आणि बर्चच्या लाकडाचा दांडा बसवला. सुरुवातीला मी गोठ्यातले शेण ओढले, कालवे उकरले आणि कबरीही खणल्या. मित्रांनो, आमच्याकडे कबरीवर माती लोटताना फावडे कोणी दुसऱ्याच्या हातात देत नाही. आपली पाळी झाली की ते जमिनीवर ठेवायचे आणि पुढच्याने वाकून उचलायचे. हातात दिले, तर मरणही हातात दिले असे होते.

पुढे मी बुरुलचाच्या हाती आले. वादळ ओसरले की ती मला घेऊन उतारावर जायची, बर्फात छातीएवढा खड्डा खणायची आणि थर पाहायची. बर्फाचा चौकोन कापून त्यावर माझ्या पाठीने थापट्या मारायची. चौकोन टिकला तर वाट खुली, घसरला तर बंद. गावाने कधी तिचे कौतुक केले, तर कधी टिंगल. "आलं बघा बुरुलचाचं फावडं, भविष्य सांगायला!" मला मात्र त्या कामाचा फार अभिमान होता.

त्या वर्षी पहिले बर्फ लवकर पडले आणि थंडीने त्याचे भरड साखरेसारखे सुटे दाणे झाले. त्यावर वादळाने जड थर रचला. त्याच वादळात पलीकडच्या गावी बुरुलचाचा मामा वारला. सकाळी तिने खड्डा खणला. दुसऱ्याच थापटीला वरचा थर सुटून तिच्या मांडीवर आला.

ती घाईने खाली आली. तिचा धाकटा भाऊ मेदेर घोड्यावर खोगीर कसत होता.

"काढ ते खोगीर. दोन दिवस वाट बंद."

"ताई, मामाला दोन दिवस अंगणात ठेवतील का? दुपारी माती आहे."

"खालचा थर सुटा आहे, मेदेर. घोड्याचं ओझंही पेलायचा नाही."

"तू बर्फाला विचारतेस. मला माणसांना तोंड दाखवायचंय. भाचा असून मूठभर माती टाकली नाही, हे मेल्यावरसुद्धा ऐकावं लागेल."

तिने लगाम धरला. तेव्हा शेजारचे म्हातारे सादिरबेक म्हणाले, "सोड पोरी. मातीला निघालेल्याला अडवू नये." थोरांचा शब्द मोडता येईना. तिची बोटे सैल झाली.

मेदेर डोंगराच्या कुशीत शिरला आणि धप्प असा आवाज आला. मग अख्खा उतार सुटून खाली आला. त्या क्षणी माझे लोखंडाचे काळीजही फाटले.

सगळे गाव धावले. आधी बर्फाबाहेर घोड्याचा खूर दिसला. तिथे बुरुलचा मला घेऊन तुटून पडली. ती दमली की पुढचा हात पसरायचा.

"द्या, द्या इकडे!"

"खाली ठेवू नका रे! हातात द्या!"

इतकी वर्षे मी माणसांत राहिले, पण असे हातोहाती कधी फिरले नव्हते. मेदेर जिवंत आहे, असेच ते सगळे एकमेकांना सांगत होते.

शेवटी पुन्हा बुरुलचाची पाळी आली. मेदेरची टोपी दिसली, मग चेहरा. तिने त्याच्या ओठांवरचे बर्फ काढले आणि मानेवर बोटे ठेवली. बराच वेळ ठेवली. सादिरबेकांनी माझ्यासाठी हात पुढे केलाच होता.

तिने मला त्यांच्या हातात दिले नाही. बर्फावर ठेवले.

म्हाताऱ्याचा पसरलेला हात तसाच राहिला. मग त्यांनी वाकून मला बर्फावरून उचलले.

मित्रांनो, आता माझा पत्रा झिजला आहे, दांडा तडकला आहे. तरी बुरुलचा वादळानंतर मलाच घेऊन उतारावर जाते. खाली माणसे खोगीर न कसता तिची वाट पाहतात. सादिरबेक सर्वांत पुढे असतात. तुम्हीही डोंगरात गेलात, तर एवढेच करा. निघण्याआधी मला खणू द्या, आणि मी दाखवलेले पाहून थांबा. नंतर मी कितीही खणले, तरी त्याचा उपयोग नसतो.