मोन्सचं लहान पातेलं

मोन्सने शेत आणि घर पुतण्याच्या हवाली केलं आणि तो व्हॉस गावातल्या चर्चमागच्या तीनमजली इमारतीत राहायला आला, तेव्हा त्याचं बिअर करणं आता संपलं असं सगळ्यांनी गृहीतच धरलं. पाठ कायमची धरलेली. भरली बादलीसुद्धा उचलायची नाही, असं डॉक्टरने बजावलेलं. आणि शेतावरची तांब्याची कढई तर दोन माणसं आत बसतील एवढी. ती या दीड खोलीत आणून ठेवणार कुठे? कढई पुतण्याकडे, कोल्बाइनकडे राहिली. मोन्सने बरोबर आणलं ते फक्त घरचं खमीर. फडक्यावर पसरून वाळवलेलं, पापडाच्या चुऱ्यासारखं दिसणारं. आजोबांच्या हातून बापाकडे आणि बापाकडून त्याच्याकडे आलेलं. ते आता फ्रीझरमध्ये मटाराच्या पिशवीला टेकून पडलं होतं.

समोरच्या दारात ब्रिता राहायची. ती दरीतल्या गावांची बस चालवायची. मोन्सची बिअर तिने लहानपणापासून लग्नाकार्यात पाहिली होती. नाताळात कुणाच्या टेबलावर मोन्सची बिअर आली की त्या घराची मान जरा ताठ व्हायची, हे तिला पक्कं माहीत होतं. त्यामुळे एका शनिवारी सकाळी तो काखेत नवंकोरं स्टीलचं पातेलं घेऊन जिना चढताना दिसला, तेव्हा तिला वाटलं, म्हातारा आता सुपावर दिवस काढणार.

"मटणाचं सूप का रे?" तिने विचारलं.

"बिअर."

ब्रिताने पातेल्याकडे पाहिलं. "ह्यात? ह्यात माझ्या नातवाची आंघोळसुद्धा व्हायची नाही."

"नातवाला घालायचंच नाहीये त्यात," मोन्स म्हणाला आणि आत गेला.

दुपारी जिन्यात जुनिपरच्या, त्या डोंगरी काटेरी झुडपाच्या, ओल्या फांद्यांचा वास सुटला. संध्याकाळी ब्रिता कामावरून परतली, तर मोन्स बादली टेकवत टेकवत, एकेक पायरी उतरत होता.

"अरे, काय करतोस? ठेव खाली ते."

"कोंबड्यांना घालायचंय. मागच्या गल्लीतल्या."

तिने बादली त्याच्या हातातून काढून घेतली. आत भरडलेल्या जवाचा चोथा होता आणि त्यावर फिकं, गढूळ पाणी. तिने बोट बुडवून चाटलं. पेजेसारखं लागलं, गोडीचा पत्ता नाही.

"असंच असतं का हे?"

"नाही. हे मधासारखं लागायला हवं." मोन्स पायरीवर बसला. लपवाछपवी नाही की चिडचिड नाही. जे झालं ते त्याने सरळ सांगून टाकलं. मोडाचे जव गरम पाण्यात मुरत ठेवायचे, म्हणजे दाण्यातलं पीठ आपोआप गोड होतं. पण पाणी तेवढंच गरम राहायला हवं. शेतावर तो मोठ्या पिंपात जव मुरत घालून निवांत गुरांकडे जाऊन यायचा. इथे त्याच सवयीने तो कॉफी प्यायला, वर्तमानपत्र वाचलं, आणि झाकण उघडलं तर पातेलं पार कोमट.

"एवढंसं भांडं, ते गार होणारच की," ब्रिता म्हणाली.

"तुला कळतं. मला कळलं नाही." तो हसला. "मला वाटायचं, मी बिअर करतोय. ते मोठं पिंपच मला सांभाळून घेत होतं. हे पातेलं काही घेत नाही. आता नव्याने शिकायला हवं."

ब्रिता त्याच्याकडे बघतच राहिली. ज्याच्याकडे लोक दरीच्या त्या टोकाहून सल्ला विचारायला यायचे, तो माणूस ऐंशीच्या घरात, फुकट गेलेली बादली पुढ्यात घेऊन, 'नव्याने शिकायला हवं' म्हणत होता. तेही कपाळाला आठी न घालता. तिच्या ओळखीचे पुरुष बस चुकली तरी तिच्यावर खेकसायचे.

"पुढच्या शनिवारी मला सुट्टी आहे," ती म्हणाली. "मी येते. उचलायचं काम माझं."

ती आली ती स्वतःची पिसांची रजई घेऊन. मोन्सने आधी जुनिपरच्या फांद्या पाण्यात उकळल्या. पहिल्या खेपेला हाताच्या सवयीने जुडीभर कोंबल्या होत्या. या वेळी दोनच डहाळ्या घेतल्या, त्याही चाखत चाखत. मग पाणी थोडं निवू दिलं, थर्मामीटर बुडवला, आणि जवाचा भरडा कापडी पिशवीत घालून आत सोडला. गुठळ्या होऊ नयेत म्हणून ब्रिता लाकडी पळीने ढवळत राहिली. झाकण लागलं, तसं तिने अख्खं पातेलं रजईत गुंडाळून खुर्चीवर बसवलं.

"आजारी माणसासारखं दिसतंय," मोन्स म्हणाला.

"तुझ्यापेक्षा धड आहे."

तासाभराने झाकण काढलं तर तोंडावर गरम वाफ आली. मोन्सने चमचा बुडवला, चाखला आणि तो तिच्यापुढे धरला. गोड. चांगलं चिकट, दाट गोड, आणि मागून जंगलाचा वास. ब्रिताने जड, ठिबकणारी पिशवी उचलून धरली, मोन्सने वरून गरम पाणी हळूहळू सोडलं, आणि उरलीसुरली गोडीही खाली उतरली. मग तो काढा हॉप्सची कडू फुलं घालून दुपारभर उकळत राहिला. खिडक्यांच्या काचा धुरकट झाल्या. दोघांनी उकडलेले बटाटे नि खारवलेलं मटण तिथेच उभ्या उभ्या खाल्लं.

अंगाला सोसेल इतपत काढा निवला, तेव्हा तो झाकणाच्या स्वच्छ बादलीत ओतला आणि मोन्सने फ्रीझरमधून खमीर काढलं. त्याने चिमूटभर चुरा हातावर घेतला, पण टाकेना.

"काय झालं?"

"ओरडायचं असतं. खमीर टाकताना. जेवढी मोठी आरोळी तेवढी कडक बिअर. शेतावर ठीक होतं, इथे भिंती कागदाच्या." तो ओशाळला. "खालची बाई म्हणेल, म्हातारा गेला."

"मग मनातल्या मनात ओरडून करणार होतास का बिअर? टाक तू."

त्याने चुरा सोडला आणि ब्रिताने अशी आरोळी ठोकली की मोन्सच्या हातातलं झाकणच निसटलं. मग त्यालाही राहवलं नाही. त्यानेही छाती भरून आरोळी ठोकली. खालच्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज आला. "कुणी पडलं का?" खालून कुणीतरी विचारलं.

"बिअरला खमीर लावलंय," ब्रिता कठड्यावरून वाकून म्हणाली.

"मग आम्हाला हाक मारा."

दुसऱ्या दिवशी बादलीवर जाड फेस चढला होता आणि कान लावला की आत सरसर ऐकू येत होती. मोन्स स्टूल ओढून शेजारी बसून राहिला. ब्रिता कामावर जाता-येता डोकवायची, तेव्हा तो हात वर करून तिला गप्प करायचा आणि ऐकायला लावायचा.

फेस बसला आणि चाखणीचा दिवस आला. नवी बिअर शेजाऱ्यांनी मिळून चाखायची, ही दरीची रीत. बोलावणं धाडायची गरज नसते. खालची बाई आली, तिचा नवरा आला, आणि शेतावरून कोल्बाइनही आला. त्याने स्वयंपाकघरात उभं राहून पातेलं बोटाने वाजवलं.

"काका, भातुकली मांडलीस की."

"बस आणि पी," मोन्स म्हणाला.

कोल्बाइनने घोट घेतला. दुसरा घेतला. मग तो बसला. बिअर तांबूस होती, आधी गोडसर आणि गिळताना जुनिपरची कडसर झाक, मागे संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी.

"आपलीच आहे," तो म्हणाला. "शेतावरचीच. माझी या वर्षी अशी उतरली नाही. ऊब कशी धरलीस एवढ्याशा भांड्यात?"

"हिला विचार. पहिल्या खेपेला मी एकट्याने केली, ती कोंबड्यांनी खाल्ली."

कोल्बाइनने ब्रिताकडे पाहिलं. ती बिचकली. या माणसाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बिअर होत होती, आणि तिला सगळं मिळून एका शनिवारचा अनुभव. पण मोन्स तिच्याकडे असा बघत होता, जणू तिने सांगायचं ही साधी गोष्ट आहे. मग तिने सांगितलं, रजईपासून पिशवीपर्यंत, आणि कोल्बाइनने मधे एकदाही टोकलं नाही. जाताना त्याने बादलीच्या तळाचं दाट खमीर बरणीत मागून घेतलं. मोन्सने त्याला अर्धं दिलं.

उरलेलं अर्धं त्याने फडक्यावर पसरलं, वाळवलं, आणि त्याच्या दोन पुड्या केल्या. एक फ्रीझरमध्ये ठेवली. दुसरी घेऊन समोरचं दार वाजवलं.

"ही तुझी," तो म्हणाला. "पुढची तुझ्या स्वयंपाकघरात. मी फक्त खुर्चीवर बसणार."

"आणि बिघडली तर?"

"कोंबड्या आहेतच की."

ब्रिताने पुडी घेतली. खमीर कोरडं होतं, अगदी हलकं, हातात आहे की नाही कळू नये इतकं. पुढच्याच शनिवारी ती बाजारातून पातेलं घेऊन आली, मोन्सच्या पातेल्याहून बोटभर मोठं.